ईएफ ६२ वरून ५३ : आईचं इंजेक्शन थांबवायचं का?

जाईजुई_तासगाव

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुड करत असते, आज वेगळंच विचारायला आलेय.

आई ६१ वर्षांची. दिवाळीच्या तोंडावर डाव्या स्तनात गाठ सापडली, ऑपरेशन झालं, रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह आला (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं तो प्रकार). चार लाल केमो झाल्या (एसी म्हणतात ती), मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल अशा बारा. त्यांच्यासोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवरचं इंजेक्शन, सुरू झालं, ते आता दर तीन आठवड्यांनी वर्ष पुरं होईपर्यंत. पुढच्या महिन्यात शेक, म्हणजे रेडिएशन.

केमोआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा ईएफ, म्हणजे हृदय किती जोराने रक्त ढकलतं तो आकडा, ६२ होता. लाल केमो संपल्यावर ६०. परवा केला तो ५३. आईला काहीही त्रास नाही. गच्चीवर कपडे वाळत घालते, मला ओरडते, सगळं पूर्वीसारखं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊ, तीन आठवड्यांनी परत इको करा आणि एकदा हार्टच्या डॉक्टरांना दाखवून या. तिथे मला पटलं होतं. घरी आले तर मोठे काका ओट्यावर बसलेले. "कॅन्सरमधून सोडवायचं आणि हार्टने घालवायचं, असं आहे होय तुमचं? बंद करा ते इंजेक्शन." त्या रात्री झोप नाही.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा. थांबवलं होतं का? मीठ, पाणी, चालणं यांचं काय केलं? आईला आषाढीला दिंडीबरोबर पुढच्या मुक्कामापर्यंत चालायचंय. दरवर्षी जाते. मी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.

मीठभाकरी

आधी एकच सांगा, तिन्ही इको एकाच ठिकाणी झालेत का?

जाईजुई_तासगाव

नाही हो. पहिले दोन मिरजेला. परवा तिथे नंबर मिळेना म्हणून सांगलीत केला.

कोरडा_विनोद

माझ्या मेव्हण्याचं वजन घरच्या काट्यावर ८२ आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ८६ भरतं. तो घरच्याच काट्याला मानतो.

मीठभाकरी

@कोरडा_विनोद, थट्टेत सांगितलंत पण मुद्दा तोच आहे. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. ५९, मग दुसरीकडे ५०, परत पहिल्या ठिकाणी ५८. मधले पंधरा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

इकोवाला

मी हृदयविभागात काम करतो. इथे उपचार सांगणार नाही, तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते मला रीतसर वाटतं. फक्त आकडा कसा वाचायचा ते सांगतो.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं ते. शंभर टक्के कोणाचंच नसतं, साधारण पन्नास-पंचावन्नच्या वर असलं की ठीक. पण साध्या टूडी इकोवर हा आकडा माणूस मोजतो, पडद्यावर हृदयाच्या आतली कड आखून. कड थोडी इकडेतिकडे झाली, छातीवर टाके असल्यामुळे चित्र नीट दिसलं नाही, तंत्रज्ञ बदलला, की हृदय तेच असूनही पाच ते दहा अंकांचा फरक पडू शकतो. काही ठिकाणी तर नुसतं बघून अंदाजाने ६० लिहितात. म्हणून तेच केंद्र, तेच मशीन, जमल्यास तोच माणूस. बीपीही लिहून ठेवायला सांगा, त्या दिवशी बीपी चढलेलं असेल तर आकडा खाली येतो.

दुसरं, 'स्ट्रेन' म्हणजे जीएलएस मागा. स्नायू लांबीत किती आखडतो त्याचं ते माप. आकडा उणे असतो, साधारण उणे १८ ते २२ च्या घरात. ईएफ घसरायच्या आधी बऱ्याचदा हा घसरतो. स्वतःच्याच पहिल्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी झाला तर लक्ष द्यायचं. केमोआधी काढलेला असला तरच खरा उपयोग, आणि नेमका तेव्हाच कोणी काढत नाही.

सर्वसाधारणपणे ईएफ दहा किंवा जास्त अंकांनी उतरून पन्नासच्या खाली गेला की आम्ही धोक्याचं समजतो. ५३ म्हणजे बघत राहायचं, पळायचं नाही.

ठाणेकर_काकू

अगं जाई, इंजेक्शन मनाने अजिबात थांबवू नकोस. हर-टूवाल्यांना ते इंजेक्शन म्हणजे काय आहे ते आमच्या पिढीला विचार. माझ्या मोठ्या जावेच्या वेळी हे औषध ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं आणि पुढे आलं तेव्हा परवडण्यातलं नव्हतं. २०१४ पासून आपल्याकडे बनलेलं मिळायला लागलं, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात यायला लागलं.

निसर्गवेडा_७०

केमो हे विषच. हृदयासाठी अर्जुनाच्या सालीचा काढा, सोबत गव्हांकुर रस, पपईच्या पानांचा रस आणि लक्ष्मणफळ. आमच्या ओळखीतल्या तिघांना गुण आला. इंजेक्शन बंद करून तीन महिने करून बघा.

ठाणेकर_काकू

@निसर्गवेडा_७०, माझ्या नणंदेने केमो चालू असताना लपून काढे घेतले. पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे एवढे वाढलेले की केमो दोन आठवडे पुढे ढकलली. कशामुळे वाढले ते शोधण्यात डॉक्टर चक्रावले, कारण ही बाई सांगेचना. तीन महिने इंजेक्शन बंद करून बघा हे तुम्ही कोणाच्या जिवावर सांगताय?

निसर्गवेडा_७०

तुमची ॲलोपॅथी तुम्हाला लखलाभ. मी चांगल्या मनाने सांगितलं.

इकोवाला

मन चांगलंच आहे काका. पण अर्जुन घ्यायचाच असेल तर केमोच्या डॉक्टरांना बाटली दाखवून घ्या. ज्या एन्झाइमवर यातली काही औषधं मोडली जातात त्याच एन्झाइमला काही फळं आणि वनस्पती अडवतात. ग्रेपफ्रूटचं सगळ्यांना माहीत असतं, आपलं पपनस त्याच घरातलं.

कोरडा_विनोद

म्हणजे गणपतीत पपनसाच्या फोडी बाप्पाला आणि प्रसाद काकांना.

जाईजुई_तासगाव

काका आमच्याकडे खरंच आहेत, त्यांना पपनस नको म्हणणं अवघड आहे 😀

इकोवाला, मनापासून आभार. एक शंका. लाल केमो आणि हे इंजेक्शन, दोन्हींचा हृदयाला त्रास एकाच प्रकारचा असतो का? काका म्हणतात एकदा हार्ट गेलं की गेलं.

इकोवाला

नाही, आणि हा फरक घरच्यांना माहीत असायला हवा.

लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या पेशींनाच जखमी करते. त्या पेशी पुन्हा फारशा उगवत नाहीत. नुकसान एकूण मात्रेवर अवलंबून, म्हणजे आयुष्यभराचा हिशोब जोडत जायचा. शरीराच्या दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅमपर्यंत साधारण शंभरात पाच जणांचं हृदय कमकुवत होतं, ५५० ला सव्वीस, ७०० ला जवळजवळ अर्ध्यांचं. तुमच्या आईंच्या चार एसी म्हणजे साधारण २४०. मात्रा बेताची आहे, पण शून्य नाही. ज्यांना जास्त द्यावी लागते त्यांच्यासाठी डेक्सराझॉक्सेन नावाचं संरक्षक औषध आहे, सरसकट सगळ्यांना देत नाहीत.

ट्रास्टुझुमॅबचं वेगळं. गाठीवर जो हर-टू असतो तो थोडा हृदयाच्या पेशींवरही असतो आणि त्यांच्या डागडुजीला लागतो. तो अडवला की पेशी मरत नाहीत, दमतात. थांबवलं किंवा हृदयाच्या गोळ्या दिल्या की बहुतेकांचं काही आठवड्या-महिन्यांत सुधारतं. लाल केमो आधी झालेली असली की मात्र धोका थोडा वाढतो, म्हणूनच दर तीन महिन्यांनी इको.

इतिहासाचा_किडा

अवांतर आहे, उडवलं तरी चालेल. या लाल औषधाचा जंतू इटलीत सापडला, आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे, त्याच्या आसपासच्या मातीत. एका इटालियन कंपनीने १९५० च्या दशकात माती गोळा करून तपासायला घेतली होती, त्यात हा स्ट्रेप्टोमायसिस निघाला. लाल रंग त्या जंतूचाच. ॲड्रियामायसिन हे या औषधाचं दुसरं नाव जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून पडलं.

कोरडा_विनोद

आपल्या साडेतीनशे किल्ल्यांची माती कोणी तपासली आहे का? आमच्या ट्रेकमध्ये फक्त वेफर्सची पाकिटं सापडतात.

मीठभाकरी

लालवरून आठवलं. बहिणीला लघवी लाल झाली तेव्हा तिने रात्री दोनला मला उठवलं, रक्त जातंय म्हणून. आधी कोणी सांगितलं नव्हतं. एक-दोन दिवस तशी होते, औषधाचाच रंग.

लांबउडी

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस नुसता वाचत होतो.

मला २००९ ला लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर). सहा आर-चॉप, म्हणजे लाल औषध असलेली केमो, एकूण ३००. पूर्ण बरा झालो, पाच वर्षांनी फॉलोअप सुटला आणि मीही सोडून दिला. नोकरी, लग्न, सिगारेट (हो, परत सुरू केली, शहाणपणा बघा). २०२१ मध्ये जिना चढताना धाप लागायला लागली. सगळ्यांना वाटलं कोविडनंतरचं आहे, मलाही. दोन महिने तसेच काढले. मग रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, उशा एकाच्या तीन झाल्या, तेव्हा इको झाला. ईएफ ३८.

हार्टच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठला मोठा आजार? मी म्हटलं, काही नाही. कॅन्सर मी आजारात धरलाच नव्हता, तो संपला होता ना. बायकोने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, केमोची फाइल आणा. फाइल होती गावाकडे माळ्यावर, अर्धी वाळवीने खाल्लेली.

आज चार गोळ्यांवर ४८ आहे. रोज चाळीस मिनिटं चालतो, सिगारेट गेली. जाईताई, तुमच्या आईंचं आत्ता बघितलं जातंय ही चांगली गोष्ट आहे. माझं बारा वर्षं कोणीच बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

ठाणेकर_काकू

लांबउडी, बाळा, काळजी घे रे.

न्यूजर्सीचा_नाना

लांबउडी यांच्या फाइलवरून. इकडे माझे उपचार संपले तेव्हा हॉस्पिटलने दोन पानांचा गोषवारा हातात दिला: कोणतं औषध, एकूण मात्रा किती, रेडिएशन कुठल्या बाजूला किती, पुढे काय तपासायचं आणि कधी. तो मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय, मुलालाही पाठवलाय. तिकडे मागितला तर देतात का?

गोदाकाठ

मागितला तर देतात, आपण मागत नाही. माझ्या भाचीला लहानपणी ल्युकेमिया होता, टाटाला उपचार झाले. तिथे उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी आहे, एसीटी क्लिनिक म्हणतात, १९९१ पासूनची. ताई वर्षानुवर्षं तिला घेऊन परळला जायची, मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. भाची दोन वर्षांपूर्वी गरोदर राहिली तेव्हा गावच्या डॉक्टरीणबाईंना तिने स्वतःच सांगितलं, माझ्या लहानपणी लाल केमो झालीय, इको करायला हवा. त्या म्हणाल्या, एवढ्या वर्षांनी कशाला? तिने कागद पुढे केला. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, म्हणून केला. चांगला निघाला. मुलगी झाली, भयंकर रडकी आहे.

मीठभाकरी

रडकी म्हणजे फुप्फुसं उत्तम.

सातारी_कंदी

हृदय म्हटलं की सगळे इंजेक्शनच्या केमोबद्दल बोलतात. माझ्या वडिलांना आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. घरीच घ्यायच्या, म्हणून आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी छातीत आवळल्यासारखं. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. संध्याकाळी पुन्हा, घाम फुटला. मोठ्या हॉस्पिटलात ईसीजी बदललेला, अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या स्वच्छ! मग कळलं की या गोळीने हृदयाच्या रक्तवाहिन्या अचानक आकसतात, पेटका आल्यासारख्या. गोळी लगेच बंद, ती परत दिली नाही, उपचार बदलले.

मला राग याचा आहे की गोळ्या देताना हातापायाची कातडी सोलवटेल, जुलाब होतील, सगळं सांगितलं. छातीत दुखलं तर थांबवा आणि फोन करा, हे एक वाक्य नाही.

इकोवाला

सातारी_कंदी म्हणतात ते अगदी खरं. कॅपेसिटाबिन किंवा ५-एफयू (त्याच गटातलं इंजेक्शन) चालू असताना छातीत दुखलं तर ॲसिडिटी हे निदान सगळ्यात शेवटी करायचं.

प्रश्नचिन्ह

इकोवाला, व्हॉट्सॲपवर फिरतंय की कोलेस्ट्रॉलची गोळी घेतली की केमोमध्ये हृदय वाचतं. खरं का?

इकोवाला

अर्धं. लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये आली. ॲटोरव्हास्टॅटिन (हीच कोलेस्ट्रॉलची गोळी) घेतलेल्यांत ईएफची लक्षणीय घसरण ९ टक्के लोकांत, न घेतलेल्यांत २२ टक्के. पण त्याच्या आदल्या वर्षी मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावरची चाचणी आली, तिच्यात काही फरक दिसला नाही. लिम्फोमावाल्यांची लाल औषधाची मात्रा जास्त असते, हे एक कारण असावं. तेव्हा ज्याला कोलेस्ट्रॉल किंवा साखरेमुळे ती गोळी लागतेच त्याने सोडू नये, बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं. व्हॉट्सॲपला नाही.

मीठभाकरी

जाई, मूळ प्रश्नाकडे. मीठ-पाणी-चालणं. बहिणीच्या वेळी आम्ही केलेलं सांगते. लोणचं-पापड बंद, फरसाण बंद, बाकी जेवणात नेहमीचं मीठ. पाण्याचं आम्ही विचारलं, कारण केमोवाले म्हणत भरपूर प्या आणि हार्टवाले म्हणत बेताने. शेवटी दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं, तेव्हा दीड-दोन लिटर ठरलं. रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर मांस चढलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं, फोन करायचा. घोट्याला बोट दाबून खळगा पडतो का बघायचं. एकाच पायाला सूज आणि दुखरी असेल तर तो वेगळाच प्रकार, रक्ताची गुठळी, त्याच दिवशी जायचं. आणि चालणं कधीच बंद नाही केलं. ज्या दिवशी हिमोग्लोबिन कमी, त्या दिवशी अंगणात. धडधड होते म्हणून ती घाबरायची, पण बऱ्याचदा ती हिमोग्लोबिनची धडधड निघायची.

ठाणेकर_काकू

आणि डाव्या बाजूचा शेक आहे ना? श्वास धरून देतात का ते विचार. माझ्या वहिनीला दिला. मोठा श्वास घेतला की छाती पुढे येते आणि हृदय मागे-खाली सरकतं, किरणांच्या वाटेतून बाहेर. मशीनवाला माइकवरून सांगतो, श्वास घ्या, धरा, सोडा. वीस सेकंद वगैरे. वहिनी घरी सराव करायची, मी घड्याळ घेऊन समोर.

इकोवाला

जरूर विचारा. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाला पोचणाऱ्या दर एक ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) किरणांमागे पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा मूळ धोक्याच्या मानाने वाढीचा हिशोब आहे, दचकू नका. आणि मूळ धोका बीपी, साखर, तंबाखू, कोलेस्ट्रॉल यांनीच ठरतो. आईंचं बीपी किती असतं? धाग्यात कुठेच नाही.

जाईजुई_तासगाव

ते... माहीत नाही. केमोच्या वेळी मोजतात, मी लिहून ठेवलं नाही. उद्या बघते.

जाईजुई_तासगाव (२४ दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

मिरजेलाच परत इको केला, त्याच मशीनवर. ५७. जीएलएस उणे १७.८, पण पहिला कधी काढलाच नव्हता त्यामुळे तुलना कशाशी करणार, असं हार्टचे डॉक्टर स्वतःच म्हणाले. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल. इंजेक्शन थांबवलं नाही, पुढचंही झालं. आता यापुढचे सगळे इको तिथेच.

खरी गोष्ट बीपीची निघाली. आठ दिवस घरी मोजून लिहिलं, १५० च्या आसपास वरचं, रोज. आईचं म्हणणं, "मला कधी नव्हतंच बीपी." केमोच्या कागदांवर बघितलं तर फेब्रुवारीपासून वाढलेलंच आहे, प्रत्येक कागदावर, कोणी त्यावर बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली, ती हृदयालाही बरी म्हणाले.

शेक श्वास धरून देणार आहेत. सराव चालू आहे. आई म्हणते, दर्शनबारीत रात्रभर उभी राहिलेली बाई मी, वीस सेकंदांचं काय सांगता.

दिंडीला डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. पांढऱ्या पेशी ठीक आहेत का ते बघून घेतलं, गर्दीत मास्क, ऊन चढायच्या आत परत, आणि एकादशीला निर्जळी नाही. वेशीपासून तीन किलोमीटर चालली. मग टेम्पोत बसली, बसायची इच्छा नव्हती हे सगळ्या टेम्पोला ऐकवत.

न्यूजर्सीच्या नानांचा गोषवारा मागितला. रिसेप्शनवरच्या मुलीला कळेना काय हवंय, डॉक्टरांनी मात्र स्वतः लिहून दिला. फोटो तीन फोनमध्ये आहे.

लांबउडी

वाळवीपासून जपा 🙂 फार बरं वाटलं वाचून.

निसर्गवेडा_७०

आईंना आराम पडतोय, आनंद आहे. गव्हांकुर निदान शेक संपल्यावर विचारा डॉक्टरांना.

ठाणेकर_काकू

विचारा म्हणालात, हेच खूप झालं.

कोरडा_विनोद

सगळं झालं, पण ओट्यावरच्या काकांचं काय?

जाईजुई_तासगाव

मशीन घरात आलंच होतं म्हणून त्यांचंही मोजलं. १७२/१०४. चिडले, मशीन खराब आहे म्हणाले. मग दुकानात जाऊन दुसऱ्या मशीनवर मोजून आले, १७६. गुरुवारी इको आहे. मिरजेलाच नंबर लावलाय.